वाटीवरची शीग

आमच्या घरात काहीच सपाट मोजत नाहीत. भाताचं मापटं असो की पिठाची वाटी, वर टोकदार शीग चढलीच पाहिजे. आणखी एक दाणा ठेवला तर घरंगळेल, तेव्हा माप भरलं. हे इतकं रोजचं होतं की मला ते कधी वेगळं असं दिसलंच नव्हतं.

किन्हवलीजवळच्या आमच्या गावातून मी शहापूरच्या कॉलेजात अन्नप्रक्रिया शिकायला जातो. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तिथे काय शिकवतात हे मला नीट सांगता येत नाही, म्हणून शेजारची काकू हटकून विचारते, "काय रे, आज भाकरी फुगली का कॉलेजात?"

माझी बहीण धसईला दिली आहे. तिच्या मुलीचा पहिला वाढदिवस आला, तेव्हा सासरचे मुरबाडहून केक आणणार होते. आई फोनवर बोलून गेली, "इकत कशाला घेता? आमचा पोरगा तेच शिकतो. केक आमी आणू." फोन ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. "येतो ना रे तुला?"

मी हो म्हणालो. पण कॉलेजात केक आम्ही पाचसहा जण मिळून करतो. आता आईचा शब्द व्याह्यांकडे गेला होता.

साध्या केकचं गणित मला आवडलं होतं. मैदा, साखर, लोणी आणि अंडी, चारही वजनाला सारखी. घरी काटा नाही, म्हणून मी घरातली वाटी दप्तरात घालून कॉलेजात नेली आणि तिथे तोलून पाहिली. तीच वाटी, पण मैदा साखरेहून कितीतरी हलका! एका वाटी साखरेच्या वजनाला मैदा दीड वाटीच्या वर लागला. एवढ्याशा गोष्टीने मी दिवसभर खूश होतो.

ओव्हनही नव्हता. कुकरची रिंग आणि शिटी काढली, तळाला मीठ पसरलं, वर जाळी ठेवली. कॉलेजात केकसाठी एकशेऐंशीवर बटण फिरवायचं, की झालं. इथे गॅसला आकडे कुठले? मी ताटलीत चिमूटभर मैदा ठेवून कुकरमध्ये सोडला. लगेच काळा पडला. आच कमी केली, तेव्हा हळूहळू बदामी झाला. हीच ती आच, असं मी ठरवलं.

आई मापून देत होती, मी फेटत होतो. केक झाला, पण घट्ट, वरून तडकलेला. काकूने बोटाने ठोकून पाहिला. "घर बांधाया घेतलंस का रे?"

मला वाटलं, आचच चुकली. दुसऱ्यांदा आणखी मंद ठेवली. पुन्हा तसाच. आईने विचारलं, "त्यांना कळवू का, मुरबाडवरून आणा म्हणून?"

तिसऱ्या वेळी मी फेटायचं सोडून नुसता बघत बसलो. आईने वाटी डब्यात बुडवली, उचलली, आणि वर सवयीने आणखी एक मूठ मैदा सोडला. शीग! कॉलेजात मी वाटी सपाट करून तोलली होती.

"आये, वरचं काढून टाक. सुरीने कापायचं."

"माप कापायचं? नातीच्या पयल्या वाढदिवसाला?" तिने वाटी मागे ओढली. "नाय रे. कोत्या हाताचं नाय द्यायचं पोरीला."

मला तिला चूक म्हणता येईना. केकला मात्र शीग चालत नाही, हेही खरं होतं. मग बिस्किटांची आठवण झाली. त्यांना मैदाच जास्त लागतो: वजनाने साखर एक भाग, लोणी दोन, मैदा तीन. मी म्हणालो, "शीग टाकायची नाय, बाजूला ठेवू. तिची बिस्किटं करू. पोरीला सगळंच जाईल."

आईने वाटी पुन्हा पुढे केली. मग तिने स्वतःच सुरी घेतली आणि शीग ताटात उतरवली.

केक मऊ झाला. बिस्किटं खालून जरा करपली. तोवर मीठ फार तापलं असावं. बिस्किटांना आच केकपेक्षा किती कमी हवी, हे अजून मला कुकरमध्ये नीट जमलेलं नाही.

धसईला केक कापला. बहिणीच्या सासूबाईंनी एक तुकडा खाल्ला, मग दुसरा उचलला. तेव्हा कुठे आईने पिशवीतून बिस्किटांचा डबा काढून केकशेजारी ठेवला.

"ह्ये काय आणि?" सासूबाईंनी विचारलं.

"शीग हाय वरची."

भाताच्या घरातल्याच त्या. त्यांना शीग कळली. त्यांनी करपलेलं एक बिस्किट उचललं आणि नातीच्या मुठीत दिलं.