बोयीच्या मागे

राहण्याच्या परवान्याचे अठरा दिवस उरले होते आणि मी नेदरलँड्समधल्या झीलंडच्या उथळ खाडीत मांडीभर पाण्यात उभी राहून एका माशासाठी देवाची विनवणी करत होते.

जूनमध्ये कंपनीतला आमचा विभागच बंद झाला. दुसरी नोकरी शोधायला तीन महिने, नाहीतर देश सोडायचा. नवऱ्याचं इथलं राहणंही माझ्याच परवान्यावर. रोज सकाळी आल्मेरेच्या घरात मी अर्ज भरत बसायची आणि तो आवाज न करता चहा ठेवून जायचा.

मासेमारीचा नाद शेजारणीने लावला होता. त्या निवृत्त शिक्षिका. इथे ज्या माशाला हार्डर म्हणतात, ती आपली बोय. माझा देवगडचा मामा पाग, म्हणजे फेकजाळं, टाकून अर्धी बादली बोय सहज आणतो, खायला. इथे मात्र गळाला पिसांचं नखाएवढं आमिष बांधायचं, मासा डोळ्यांनी हेरायचा, बरोबर त्याच्या तोंडापुढे टाकायचं, आणि लागलाच तर सोडून द्यायचा. तीन उन्हाळे झाले, माझ्या गळाला एकही लागली नव्हती.

"आज जाऊन ये," नवरा म्हणाला. "दर पाच मिनिटांनी ईमेल बघतेयस. मी येतो सोबत."

तो बांधावर बसला. ओहोटी संपत आली होती. मधली घळ घोटाभर पाण्यातून ओलांडून मी पलीकडच्या वाळूच्या उंचवट्यावर गेले. तेवढ्यात छातीवरच्या खिशात फोन थरथरला. ग्रोनिंगनच्या कंपनीचा ईमेल होता. मुलाखतीच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या, शेवटची आशा तीच होती. ईमेल डचमध्ये होता. पहिल्याच ओळीत 'हेलास' दिसलं. दुर्दैवाने. पुढचं वाचलं नाही.

फोन खिशात टाकला आणि समोर शेपट्या दिसल्या. सात-आठ बोयी डोकं खाली घालून शेवाळ चरत होत्या. घाईत टाकलेलं पहिलं आमिष थेट त्यांच्या पाठीवर आपटलं. त्या पांगल्या, थोड्या पुढे जाऊन पुन्हा चरू लागल्या. मी त्यांच्या मागे गेले. पुन्हा फेकलं, पुन्हा पांगल्या. "एक दे," मी मोठ्याने म्हणाले. "एवढी एक तरी दे!" पाण्यात उभं राहून मी कोणाशी भांडत होते, मलाच कळत नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. अचानक दोरी ताठ झाली. लागली! काठीवरचं रीळ किंचाळायला लागलं. शेजारीणबाई नेहमी सांगायच्या, तिला पळू द्यायचं, ओढायचं नाही. मी ओढलं. दोन्ही हातांनी, दात आवळून. दोरी कालवांच्या खडकाला घासली आणि तुटली.

रिकामी काठी धरून मी तशीच त्या दिशेने चालत राहिले. पाणी कमरेवर आलं. मागून नवऱ्याची हाक आली. "अगं, फिर मागे! भरती आलीय!" मला स्पष्ट ऐकू आली. मी थांबले नाही. पाणी आणखी वर आलं तरी चालेल, असं वाटलं. ते वाटणं अगदी शांत होतं, आणि त्याचीच मला आज भीती वाटते.

मग हाका बंद झाल्या, म्हणून मी वळून पाहिलं. घळ भरून वाहत होती आणि जीन्स-बुटांसकट तो तिच्यात उतरला होता. त्याला पोहता येत नाही. पाणी त्याच्या छातीला लागत होतं.

"तिथेच थांब!" मी ओरडले. "पुढे येऊ नकोस!"

मी पाणी कापत निघाले. घळीत पायाखालची वाळू सरकत होती, रबरी विजारीत पाणी शिरून पाय शिशासारखे जड झाले. काठी सोडून दिली. त्याने हात पुढे केला, मी मनगट धरलं, आणि एकमेकांना ओढत आम्ही बांधाला लागलो. तो थंडीने कुडकुडत होता.

"ग्रोनिंगनवाले नाही म्हणाले," मी सांगितलं.

"मग काय झालं? नाही म्हणाले तर नाही म्हणाले!" तो ओरडला आणि तोंड फिरवून रडायला लागला. त्याला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

नोकरी मिळाली नाही. आम्ही पुण्याला परतलो. त्याला लवकर काम लागलं, मला बरेच महिने गेले. त्या दिवसाबद्दल आम्ही एकदाच बोललो.

"मी इतक्या हाका मारल्या," तो म्हणाला.

"वाऱ्यात ऐकूच आल्या नाहीत रे," मी म्हणाले.

त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग उठून दिवा लावला.