पार्लरच्या काचेवरची मावशी

कात्रीमावशीचा चेहरा सोमवारी पार्लरच्या काचेवर लागला, आणि ही बातमी सगळ्या गल्लीत शेवटी कुणाला कळली असेल तर ती खुद्द मावशीला. ती मागच्या दाराने कामाला येते, मागच्याच दाराने घरी जाते. पुढून काच बघायला तिला सवड कुठली? मंगळवारी समोरच्या फळवाल्याने केळी तोलता तोलता हळूच विचारलं, "मावशी, मध्ये बरं नव्हतं का?"

"मला काय धाड भरलीय?"

"नाही, फोटोत चेहरा जरा ओढल्यासारखा वाटतोय."

"कुठल्या फोटोत?"

फळवाल्याने नुसती हनुवटी वर करून रस्त्यापलीकडे दाखवलं. मावशीने केळी तिथेच ठेवली.

काचेवर पुरुषभर उंचीचा फलक होता. डावीकडे मावशी. मधोमध भांग, कातडी ताणली जाईल इतका घट्ट अंबाडा, पाकिटातल्या कलपाने केलेले कुळकुळीत काळे केस, डोळ्यांखाली सावल्या, ओठांना रंग म्हणून नाही. खाली लिहिलं होतं, 'आधी'. उजवीकडे मालकीणबाईंची भाची, गालातल्या गालात हसणारी. खाली, 'नंतर'. आणि दोघींच्या डोक्यावर ठळक अक्षरांत, 'तासाभरात दहा वर्षांनी तरुण'.

मावशीचं वय त्रेपन्न, भाचीचं बावीस. त्रेपन्नातून दहा वजा केले की बावीस उरतात, हे गणित मालकीणबाईंना कुठल्या मास्तरांनी शिकवलं कोण जाणे.

मग मावशीला आठवलं. गेल्या शनिवारी सकाळपासून बारा डोकी कापून, पाय सुजलेले, ती टॉवेल गोळा करत होती. मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "मावशी, जरा त्या भिंतीशी उभ्या राहा, उजेड कसा पडतो बघते." मावशी बापडी राहिली उभी.

गेली सव्वीस वर्षं ती या पार्लरात आहे. कात्रीमावशी हे नाव तिला हातामुळे पडलं की जिभेमुळे, यावर गल्लीत अजून दोन तट आहेत. पण साखरपुड्यापासून साठीपर्यंत तिच्या हाताखालून गेली नाही अशी बाई आसपास सापडायची नाही. आणि तिचाच चेहरा काचेवर, तोही बिघडलेला माल म्हणून.

ती आत गेली ती तडक गल्ल्यापाशी. "बाई, तो फोटो काढा."

"अहो, तुमचाच आहे म्हणून कुणाला कळतंय?"

"फळवाल्याला कळलं."

"म्हणजे लोक बघतायत. चांगलंच आहे की."

"चांगलं तुमच्या दुकानाचं. वय माझं, सुरकुत्या माझ्या, आणि कौतुक तुमच्या डब्याबाटल्यांचं. लावायचाच तर नंतरचाही माझाच लावा."

मालकीणबाईंनी आवाज मऊ केला, आणि तिथेच त्यांनी घोटाळा केला. "राग मानू नका मावशी, पण तुमच्यात तेवढा फरक नाही पडायचा. एका वयानंतर मेकअप चेहऱ्यावर नुसता बसून राहतो."

आता, चेहऱ्याला नावं ठेवली असती तर मावशीने दोन दिवस फुरंगटून तिसऱ्या दिवशी सोडून दिलं असतं. पण हे तिच्या हाताला नाव ठेवणं होतं. ती म्हणाली, "शनिवारी बघू. फरक नाही पडला, तर मी आपणहून कात्री ठेवून जाते."

घरी यजमानांनी आगीत तेल ओतलं. हे शिंपी, माणूस सरळ, बोलणंही सरळ शिवणीचं. "बघून आलो तुझा फोटो. छान आहे. अगदी तूच." त्या दिवशी त्यांना जेवण वाढलं गेलं, पण कोणी बोललं नाही त्यांच्याशी.

शनिवारी अकरा वाजता, तीन बायका ताटकळत असताना, मावशी काचेलगतच्या खुर्चीत स्वतःच जाऊन बसली. वाट बघणाऱ्यांत शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्यांनी विचारलं, "माझा नंबर होता ना?"

"होता. आज आधी शिकवणी, मग नंबर."

तिने अंबाडा सोडला. पार्लरात काम शिकायला येणाऱ्या भाचीला हाक मारून मागे उभी केली. "खांद्यापर्यंत काप. टोकं एका सरळ रेषेत नकोत, हलकी ठेव. झाडूसारखं दिसलं तर तुलाच झाडायला लावीन." पोरीने कापलं, आणि बरं कापलं. पुढच्या दोन बटा मावशीने स्वतः हनुवटीपर्यंत उतरवल्या. मग कंगव्याच्या टोकाने भांग मधून उचलून दोन बोटं डावीकडे नेला. वर्षानुवर्षं एकाच जागी पडून तिथे रस्ता झाला होता. तो झाकला गेला आणि केस मुळापासून उठले. कानाशी चार पांढरे दिसत होते.

"त्यांना कलप?" भाचीने विचारलं.

"राहू दे. इतक्या काळ्या कलपाने चेहरा आणखीनच थकलेला दिसतो. पुढच्या वेळी तपकिरी लावू."

पावडरचा डबा तिने बाजूला सारला. "ही सुरकुत्यांत जाऊन बसते आणि जगाला मोजून दाखवते." तोंडाला ओलसर क्रीम, डोळ्यांखाली लागेल तेवढाच लेप, बोटाने थोपटून. काजळ फक्त वरच्या पापणीला. "खाली लावलं की डोळा खाली ओढला जातो. बाई, तुम्ही चाळीस वर्षं खालीच लावताय." मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. भुवया कोरून तिने दोरा केला नाही; जिथे विरळ होत्या तिथे पेन्सिलीने केसागणिक रेघ भरली. लाली गालाच्या गोळ्यावर न लावता वर, कानशिलाकडे नेली. ओठांना ओठांचाच रंग, एक छटा गडद. मालकीणबाईंच्या ओठांवर होती तीच मरून लिपस्टिक तिने हातात घेतली, त्यांच्याकडे बघितलं आणि परत ठेवली.

चाळीस मिनिटं लागली. मग तिने खुर्ची फिरवली. मावशी पंचविशीची दिसत नव्हती, आणि तिला दिसायचंही नव्हतं. आठ दिवस झोप काढून, कुणाशी तरी मनासारखं भांडून आलेल्या बाईसारखी ती टवटवीत दिसत होती. भांडणाचा भाग खराच होता.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मला हेच करा. असंच. खालचं काजळ काढून."

मालकीणबाई मोबाइल घेऊन लगबगीने पुढे आल्या. "मावशी, उजेडात या. तुमचाच लावते नंतरचा. पण आधीचा राहू दे हं, फरक दिसायला हवा."

भाची म्हणाली, "माझा उतरवा एकदाचा. कॉलेजात मला 'नंतर' म्हणून हाका मारतात."

"राहू दे आधीचा," मावशी म्हणाली. "पण खाली मी सांगते ते लिहायचं, तुमच्या हाताने. नाहीतर दोन्ही उतरवा, आणि यांचं काजळ तुम्हीच काढा."

मालकीणबाईंनी ताटकळणाऱ्या तिघींकडे बघितलं. तिघी मावशीकडे बघत होत्या. मालकीणबाईंनी निमूटपणे मावशीचा फोटो काढला, छापून आणून भाचीच्या जागी चिकटवला, आणि मार्कर घेऊन काचेपुढे उभ्या राहिल्या. मावशी दारातून एकेक शब्द सांगत गेली आणि फळवाला गिऱ्हाईक सोडून वाचत राहिला.

डावीकडच्या फोटोखाली लिहिलं गेलं, 'वय त्रेपन्न. सकाळपासून बारा डोकी कापून झाल्यावर.'

उजवीकडच्या फोटोखाली, 'वय त्रेपन्नच. खुर्चीत बसायला मिळाल्यावर.'