वजीर संभाळ, अण्णा

हे मी आजवर कुणापुढं बोललेलो नाही. बायकोपुढं नाही, देवीपुढंही नाही. जत्रेत गाऱ्हाणं घालताना गुरव म्हणतो, मनात असेल ते आईपुढं ठेव — तेव्हा मी पोराच्या नोकरीचं ठेवलं, कंबरदुखीचं ठेवलं. हे तेवढं गिळून परत आलो. मग तुमच्यापुढंच का? नीटसं सांगता येत नाही. ऐका, एवढंच.

रामनगरात जीपस्टँडला लागून माझं पंक्चरचं दुकान आहे. दुपारी काम थंडावलं की ट्रकच्या जुन्या टायरवर फळी टाकायची, फळीवर बुद्धिबळाचा पट मांडायचा आणि जीप भरेपर्यंत ड्रायव्हर लोकांनी खेळत बसायचं, असा आमच्याकडचा रोजचा क्रम. त्या फळीवर सगळ्यांना भारी कोण, तर पुंडलिकअण्णा. रामनगर-जोयडा रस्त्यावर माणसं भरून न्यायची स्वतःची वडाप जीप चालवायचा. वयानं माझ्याहून मोठा, बोलणं हळू, चालीत घाई नाही. मी त्याच्याकडूनच शिकलो आणि त्याच्याकडूनच हरत आलो. हरवायचा तर हरवायचा, वर चार लोकांसमोर समजावून सांगायचा — बाळू, इथं चुकलास बघ. प्रेमानंच सांगायचा. पण हरण्यापेक्षा ते समजावणं जास्त लागतं, नाही का?

आमच्या फळीवर एक रिवाज होता. समोरच्याच्या वजिरावर मार आला, तर तोंडानं सांगायचं — "वजीर संभाळ." न सांगता मारलेला वजीर चोरीचा. बघणारे लोक तो परत ठेवायला लावायचे. खऱ्या नियमांत असलं काही नसतं, ठाऊक आहे मला. हा रिवाज अण्णानंच पाडलेला. नजर चुकलेल्याला हरवण्यात कसली मर्दुमकी, असं त्याचं म्हणणं.

गेल्या वर्षी शिमग्यानंतर अण्णा चुकायला लागला.

अगदी बाळबोध चुका. हत्ती फुकट सोडायचा. माझा घोडा टपून बसलेला असायचा आणि हा वजीर नेऊन नेमका तिथंच ठेवायचा. मी "वजीर संभाळ" म्हटलं की दचकायचा, पटावर शोधत राहायचा. "आयला, ह्यो कुठनं आला?" लोक हसायचे. अण्णा मात्र हसण्यावारी नेणारा नव्हता. त्यानं उपाय सुरू केले. चाल सुचली तरी हात मांडीखाली दाबून बसायचा. मोहरा उचलण्याआधी समोरचा काय काय मारू शकतो ते पुटपुटत म्हणायचा. डोकं ताजं हवं म्हणून जेवून, डुलकी काढून खेळायला यायचा. आणि एवढं सगळं करून पुन्हा तेच.

माझ्या लक्षात कधी आलं? लवकर आलं. फार लवकर. त्याच्या सगळ्या चुका एकाच बाजूच्या होत्या — त्याच्या डाव्या हाताकडच्या. उजवीकडं अजूनही त्याला कुणी हात लावू शकत नव्हतं. डावीकडं माझा हत्ती दिवसभर उभा असला तरी त्याच्या लेखी ती घरं रिकामी.

खात्री करून घ्यावी म्हणून — बघा, मी खात्रीसुद्धा करून घेतली — एकदा चहा आला तेव्हा त्याचा ग्लास मी गुपचूप त्याच्या डाव्या बाजूला सरकवला. अण्णानं थोडी वाट बघितली. मग म्हणाला, "माझा चा न्हाई व्हय आला?" मी ग्लास उजवीकडं आणून ठेवला. त्यानं चहावाल्या पोराला हाक मारायची सोडली आणि चहा प्यायला लागला.

आणि जीप? त्या जीपची चाकं माझ्याच हाताखालून जायची. डावीकडचा टायर कडेनं पुन्हा पुन्हा कापलेला, डावा पत्रा खरवडलेला, डावा आरसा गेलेला. उजवी बाजू नवी कोरी. हे मी माझ्या हातांनी चाचपून बघत होतो.

मग काय करायला हवं होतं? शेंबडं पोरसुद्धा सांगेल. अण्णा, जीप उभी कर, बेळगावला जाऊन डोळे दाखव. मी काय केलं ते सांगतो. मी म्हणालो, "अण्णा, मोबाइलवर आख्खं जग खेळतंय, तिथं वजीर संभाळ म्हणून कोण सांगतंय? आपण पण कडक खेळूया. बोलायचंच न्हाई."

अण्णाला पटलं. वाईट म्हणजे त्याला ते मनापासून पटलं. "व्हय रे, तुमी सांगून सांगून माझी सवय बिघडलीया. न्हाई सांगितलं तर सावध ऱ्हाईन मी."

त्या दिवसापासून मी जिंकायला लागलो. उंट गुपचूप त्याच्या डाव्या कोपऱ्यात नेऊन बसवायचा आणि वाट बघायची. आयत्या बिळावर नागोबा. वजीर उचलताना हाताला काय सुख होतं म्हणून सांगू! ते सुख मला अजून आठवतं, आणि आठवलं की स्वतःची किळस येते. मी त्याला चार लोकांसमोर समजावूनही सांगत होतो — अण्णा, इथं चुकलास बघ. एकदा तो काकुळतीला येऊन म्हणाला, "हात घाईचा झालाय रे माझा. काय करू सांग." मी म्हणालो, "मन लावून बघत जा." डोळ्यांना दिसतच नाही त्या माणसाला मी हे सांगितलं.

शेवंता जोयड्याकडच्या एका कुणबी वाडीतली. रामनगरच्या बाजारादिवशी कंदांची बुट्टी घेऊन वाडीखालच्या वळणावर उभी राहायची. अण्णा तिथं थांबणार, बुट्टी स्वतः टपावर चढवणार, हे ठरलेलं. त्या दिवशी सकाळी अण्णा जोयड्याला जाताना त्याच्या जीपच्या चाकांत हवा मीच भरली होती. येताना वळणावर शेवंता नेहमीसारखी डाव्या कडेला उभी होती. ओळखीची जीप दिसली तशी हात करून पुढं आली. का नाही येणार? अण्णा थांबणारच होता. आतले लोक ओरडले, पण तोवर उशीर झाला होता. ती जागीच गेली. कंद लांबपर्यंत रस्त्यावर पसरले होते, असं लोक सांगत आले.

कुणी म्हणालं मोबाइल बघत होता, कुणी म्हणालं प्याला होता. अण्णा स्वतः पोलिसांना एवढंच सांगत राहिला — माझी बेफिकिरी, माझा हात घाईचा झालाय. मी तिथंच उभा होतो. तोंडात मिठाची गुळणी धरून.

पुढं लेकीनं त्याला बेळगावला नेलं. डोक्यातली एक बारीक शीर केव्हातरी बंद पडली होती, त्यानं डावीकडचं दिसणंच गेलं होतं. असं होतं तेव्हा त्या माणसाला स्वतःला कळतही नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरच्या, जवळच्या कुणाच्या लक्षात आलं असेल तर आलं असेल.

परत आल्यावर तो माझ्या दुकानात येऊन बसला. मग विचारलं, "बाळू, तू रोज समोर बसायचास. तुला कधी काय जाणवलं न्हाई काय रे?"

"न्हाई अण्णा," मी म्हणालो.

का बोललो नाही आधी? मला हरायचं नव्हतं. याच्या मागं दुसरं काही शोधू नका, माझं शोधून झालंय.

केस चालू आहे. लायसन गेलं, जीप विकली. बाजारादिवशी आता शेवंताचा नवरा तीच बुट्टी घेऊन माझ्या दुकानासमोर बसतो. त्याला वजनकाट्यावर माल तोलायची सवय नाही. त्याच्याकडून कंद घेतो मी, सांगेल त्या भावानं.

अण्णा दुपारी चालत येतो. आम्ही पट मांडतो. जुना रिवाज मी परत सुरू केलाय, मोठ्यानं सांगतो — "वजीर संभाळ, अण्णा." तो आख्खी मान डावीकडं फिरवतो, उंट शोधून काढतो, वजीर मागं घेतो.

"बरं झालं सांगितलंस," म्हणतो. रोज म्हणतो.