तिठ्यावरचं पान

आमच्या काळाचौकीच्या चाळीत कचरा टाकायच्या दोन जागा होत्या. राख, माशांचे काटे, भाजीची देठं मागच्या खिडकीतून घरगल्लीत जायची. दोन चाळींमधली ती अरुंद फट देवाने त्यासाठीच ठेवली आहे, अशी सगळ्यांची समजूत. आणि आजारपण, दृष्ट, बाहेरची बाधा तिठ्यावर जायची. तिठ्यावर ठेवलेल्याला मात्र कोणी कचरा म्हणत नसे. तो उतारा.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. वडील सत्याग्रह करून तुरुंगात गेले होते. मिलचा भोंगा वाजला तरी घरातून कोणी उठून जात नव्हतं. दूर कुठून तरी येणाऱ्या घोषणा संध्याकाळच्या धुरात विरघळत आमच्या गॅलरीपर्यंत नुसता गुणगुणाट होऊन पोचायच्या. अशाच एका संध्याकाळी माझ्या तीन वर्षांच्या भावाला ताप भरला. दवाखान्यातलं लाल औषध चालू होतं, पण आईचा भरवसा तिठ्यावर जास्त.

तिन्हीसांजेला तिने केळीच्या पानावर भात, लिंबू, सुक्या मिरच्या आणि फोडलेली काळी बांगडी ठेवली, ते पान भावावरून ओवाळलं आणि मला बरोबर घेऊन निघाली. पान तिठ्यावर ठेवायचं आणि मागे न बघता परत यायचं. मागे बघितलं की आजार पाठोपाठ घरी येतो. मी दहा वर्षांची होते, आणि बघू नको म्हटलेलं बघितल्याशिवाय मला आजही चैन पडत नाही. मी बघितलं.

झाडूवाली बाई पानावर वाकली होती. ती समोरच्या चाळीत राहायची. त्या घरांनी नुकतीच बौद्ध दीक्षा घेतली होती. पान मधेच फाटलं, तसं तिने सगळं ओंजळीत गोळा केलं आणि पाटीत टाकलं. नुकत्याच लागलेल्या दिव्याच्या पिवळट उजेडात हे इतकं सावकाश झालं, की अजूनही डोळे मिटले की ती ओंजळ जणू पाण्यातून वर येताना दिसते.

मी मात्र गार पडले. मी बघितलं म्हणून भावाचा ताप आता उतरणार नव्हता, आणि त्यातला थोडा त्या बाईच्या अंगात शिरला होता. सकाळी ती घरगल्ली झाडायला आली तेव्हा तिच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. इकडे भावाचं अंग तव्यासारखं तापलेलं. दोन्ही माझ्यामुळेच. मला राहवेना. खाली जाऊन मी तिला सगळं सांगून टाकलं.

ती हसली नाही. झाडू भिंतीला टेकवून म्हणाली, "ताप काय पानावरून उडी मारत नाय, पोरी. काच घुसली बोटात, बांगडीची. तुमी उतरवा काय पायजे ते. पण कचऱ्याच्या पेटीत टाका, नि काच कागदात बांधून."

त्या संध्याकाळी भाऊ डोळे उघडेना. आईने पुन्हा पान ओवाळलं, पण त्याला सोडून तिला उठवेना. पान माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "सरळ जा, ठेव आनि ये."

तिठा वीस पावलांवर होता, म्युनिसिपालिटीची कचरापेटी अगदी माझ्या कोपराशी. पेटीत टाकलं आणि भाऊ गेला तर? तिठ्यावर ठेवलं आणि त्या बाईचं दुसरं बोट कापलं तर? दहा वर्षांच्या मुलीला एवढा पेच पडू नये. मी रस्त्यातला वर्तमानपत्राचा तुकडा उचलला, बांगडीचे तुकडे एकेक करून वेचून त्यात बांधले आणि पानासकट सगळं पेटीत टाकलं. घरी आईला "ठेवलं" म्हणाले, आणि पुढचे दोन दिवस झोपेत चालल्यासारखी वावरले. कोणी हाक मारली की ती फार लांबून यायची.

तिसऱ्या सकाळी भावाने पेज मागितली. आईने खिडकीतून तिठ्याच्या दिशेने हात जोडले. ते जोडलेले हात मला बघवेनात. मी सगळं सांगितलं आणि थोबाडीत बसायची वाट बघत उभी राहिले. आईने जोडलेले हात खाली घेतले. मग तिने विचारलं, "खंय लागला तिका?" मी माझंच बोट पुढे करून दाखवलं. दुपारी तिने मला त्या बाईला चहाला बोलवायला पाठवलं.

ती आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. आमच्या खोलीत त्या चाळीतलं कोणी कधी आलेलं नव्हतं, आणि हे दोघींनाही ठाऊक होतं.

"भितर ये गो, भायर कित्याक उभी?" आई म्हणाली.

ती आत येऊन भिंतीशी बसली. तापाने पार वाळलेला माझा भाऊ भिंत धरत धरत तिच्यापर्यंत गेला आणि सरळ तिच्या मांडीवर बसला. त्याला उचलून घ्यायला आईचे हात सवयीने पुढे झाले. मग ते थांबले, आणि आई आमच्याच कपांत चहा ओतू लागली.