साडूभाऊ विमान चालवतात

अख्ख्या ठाणे जिल्ह्यात आमच्या साडूभाऊंइतका वाऱ्याचा विचार करणारा माणूस झाला नसेल. खुद्द वाऱ्यालाही स्वतःचा इतका विचार करायला सवड नसावी. डोंबिवलीत त्यांचं कौलारू घर होतं, पुढे अंगण, अंगणात एक उंच बांबू आणि बांबूच्या टोकाला त्यांच्याच जुन्या लेंग्याचा एक पाय टांगलेला. वारा भरला की तो पाय आडवा होऊन फुगे, आणि साडूभाऊ दाढी करता करता खिडकीतून पाहून जाहीर करत, "नैर्ऋत्य. दहा मैल." ही बातमी ताबडतोब स्वयंपाकघरात पोचवली जाई. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही सगळे तिला ताई म्हणत असू. ती चुलीवरची नजर न काढता म्हणे, "बरं झालं सांगितलंत, आता आमटीत मीठ घालते." एकदा लग्नाची बोलणी करायला आलेल्या एका विहीणबाईंनी, हे काहीतरी कडक नवसाचं निशाण असावं अशा समजुतीने, त्या लेंग्याला खालून हात जोडले होते. साडूभाऊंनी त्यांना ते निशाण नसून वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी आहे हे पाऊण तास समजावून सांगितलं. ते लग्न जमलं नाही.

पोटासाठी ते नकाशे काढत. ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत शेतांच्या हद्दी, ओढे आणि पायवाटा कापडी कागदावर उतरवून काढायचं त्यांचं काम. मी त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर कारकून होतो, त्यामुळे हा माणूस मला घरी आणि दारी असा दोन्हीकडे भोगावा लागे. जिल्ह्यातला एकही ओढा त्यांच्या टाकाखालून सुटला नव्हता आणि त्याचा त्यांना भारी ताठा होता. "ज्याला नकाशा वाचता येतो तो चुकत नाही," हे ते मला रोज सांगत. विशेषतः मी फायली चुकीच्या टेबलावर ठेवल्या की.

विलायतेहून त्यांच्याकडे छोट्या विमानांचं एक मासिक येई. बोटीने येई म्हणून ते तीन महिने शिळं असे, पण साडूभाऊंच्या लेखी बातमी पाकीट फोडल्याच्या क्षणी घडत असे. ते धावत माझ्याकडे येत. "ऐकलंत का? आता नव्या विमानांना शेपटीखालचं चाक काढून नाकाखाली लावायला लागलेत!" मी भात कालवत असे. मी म्हणे, "असं?" "असं काय म्हणता? अहो, मग उतरायला कौशल्य कसलं लागणार? उद्या कुणीही सोम्यागोम्या उतरेल!" या नाकाखालच्या चाकाचं त्यांनी इतकं मनाला लावून घेतलं की दोन दिवस जेवण गेलं. माझ्या बायकोने ताईला विचारलं, भाऊजींच्या कचेरीत काही झालं का म्हणून. ताई म्हणाली, "नाही गं, विलायतेत कुणीतरी चाक हलवलंय."

विमान शिकण्याची त्यांची घरगुती पद्धत पाहायला लोक मुद्दाम येत. ते चौरंगावर बसत, मुसळ गुडघ्यांत उभं धरत, आणि दोन्ही पाय एका पाटावर ठेवून तो पाट डावीकडे उजवीकडे सरकवत. मुसळ म्हणजे विमानाचा दांडा, पाट म्हणजे शेपटीचं सुकाणू. मी मागे बसून पुस्तकातून हुकूम वाचत असे. "इंजिन बंद पडलं," असं मी वाचलं की ते मुसळ पुढे ढकलत, मान बाहेर काढत आणि उतरायला सपाट शेत शोधत. एकदा मी कंटाळून लागोपाठ अकरा वेळा इंजिन बंद पाडलं. साडूभाऊ घामाघूम झाले, पण अकराही वेळा सुखरूप उतरले. बाराव्या वेळी ताईने आत येऊन मुसळ काढून नेलं, कारण तिला भात कांडायचा होता.

सायकलवर बसण्याआधी ते तिच्याभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घालत, प्रत्येक चाक दाबत, घंटा वाजवत, ब्रेक ओढत, आणि हे सगळं मोठ्याने बोलून करत. दर रविवारी याच सायकलवर ते कल्याणच्या पलीकडे नेवाळीला जात. तिथे युद्धाच्या वेळची इंग्रजांची धावपट्टी ओस पडली होती. तिच्या भेगा मोजून ते वहीत टिपून ठेवत. मी एकदा हौसेने बरोबर गेलो, तर पट्टीच्या मधोमध दहा-बारा म्हशी रवंथ करत बसलेल्या. साडूभाऊंनी गुराख्याला फर्मावलं, "पट्टी मोकळी करा, हा विमानांचा रस्ता आहे." म्हातारा गुराखी आभाळाकडे बघून म्हणाला, "कंचा इमान येतं? त्याला सांगा जरा थांब, म्हशी आत्ताच बसल्यान." साडूभाऊंनी वहीत म्हशींची नोंद केली.

आता खरी गोष्ट सांगायची तर हा माणूस नुसता मुसळावर बसणारा नव्हता. जुहूला फ्लाइंग क्लब होता, तिथे ते महिन्यातून दोनदा जात आणि दोन मजली पंखांच्या, कापड चढवलेल्या, उघड्या विमानात शिकत. निदान असं ते सांगत. आमच्यापैकी कुणी ते पाहिलं नव्हतं. शिकवणारे एक पारशी गृहस्थ होते आणि त्यांचा शेरा साडूभाऊ स्वतःच अभिमानाने ऐकवत, "तू सगला बराबर करते, फक्त बोलते जास्ती." ते एकट्याने उडू लागले तेव्हाही गावाने मान डोलावली आणि पाठ फिरताच हसून घेतलं. त्या हसण्यात पुढाकार माझा असे. नकला करायला मला बरं जमे, आणि कचेरीत चहाच्या वेळी माझ्या मुसळाच्या नकलेला मागणी होती.

हे ताईच्या कानावर जात असणारच. कारण एका संध्याकाळी आमच्यादेखत ती त्यांना म्हणाली, "एकदा आपल्या घरावरून जा हो. मला एकदा बघू द्या. मग लोक काय म्हणतात त्याचं मला काही नाही." साडूभाऊ गंभीर झाले. म्हणाले, "वैशाखातला पहिला रविवार. सकाळी दहा." विमानतळावर उतरायची दिशा कळावी म्हणून पांढऱ्या कापडाची इंग्रजी टी अंथरतात, तशी दोन धोतरांची टी तिने अंगणात अंथरायची. ते तीन फेऱ्या मारणार, पंख हलवणार आणि रुमालात बांधून पेढे टाकणार. क्लबाच्या नियमात हे बसत होतं की नाही, हे मी विचारलं नाही.

त्या रविवारी ताईने दोन धुतलेली धोतरं अंथरली, कडांना दगड ठेवले आणि नवी साडी नेसून उभी राहिली. आम्ही शेजारपाजारचे चाळीसेक जण माना वर करून. एक गोष्ट मात्र नकाशे काढणाऱ्या त्या गृहस्थांच्या ध्यानात आली नव्हती. वैशाख म्हणजे पापडांचे दिवस. त्या सकाळी डोंबिवलीत ज्या अंगणात पांढरं धोतर नाही असं अंगण नव्हतं. आडवी, उभी, खाटांवर, चटयांवर, धोतरंच धोतरं आणि वर पापड, कुरडया, सांडगे. दहाच्या सुमाराला खाडीकडून एक घरघर आली आणि कल्याणच्या दिशेने विरून गेली. ताई म्हणाली, "आले वाटतं!" मी म्हणालो, "छे, पिठाची गिरणी." सगळे हसले. बारा वाजेपर्यंत एकेक जण घरी गेला. ताई साडेबारापर्यंत उन्हात उभी होती.

संध्याकाळी साडूभाऊ आले ते मुंडावळ्या बांधल्यासारखा चेहरा घेऊन. "काय, दिसलो का नीट?" ताई क्षणभरही थांबली नाही. "दिसलात हो! किती खाली आलात, मला तर भीतीच वाटली." तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण ओसरीवर माणसं होती आणि मला जिभेला लगाम घालायची सवय नव्हती. मी म्हणालो, "कुठे दिसले, ताई? माना मोडल्या आमच्या. कावळासुद्धा फिरकला नाही!" साडूभाऊंनी ताईकडे पाहिलं. "पेढे?" त्यांनी विचारलं. ताईने मान खाली घातली. मग त्यांनी अंगणात जाऊन दोन्ही धोतरांच्या नीट घड्या केल्या आणि ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी बांबूवरचा लेंगा उतरला होता. मासिक आलं तरी पाकीट फुटेना. महिन्याभरात क्लबाच्या डॉक्टरने डोळे तपासले आणि लांबचं दिसत नाही म्हणून उडायची परवानगी कायमची काढून घेतली. मी मात्र तोवर ठाण्यापासून कल्याणपर्यंत त्या रविवारची नक्कल करून दाखवली होती.

आणि मग आमच्या कचेरीतल्या शिपायाने मला एक रुमाल आणून दिला. हा शिपाई कल्याणच्या पुढच्या खडवलीचा. म्हणाला, "सायेब, जरा वाचून सांगा. वैशाखात आमच्याकडं नदीवर इमान आलं व्हतं. तीन गरके मारलान, पंख हालवलान आनि ह्यो टाकलान. पेढे आमी खाल्ले. चिठ्ठी कोनाला वाचता येत नाय." नदीच्या खडकावर त्याच्या बायकोने दोन चादरी वाळत घातल्या होत्या, एक आडवी, एक उभी. पलीकडे रूळ होते. साडूभाऊ डोंबिवलीभर, मग कल्याणभर आपलं अंगण शोधत, रुळांच्या वरून पुढे पुढे तिथपर्यंत गेले होते. चिठ्ठीत त्यांचं मोत्यासारखं अक्षर होतं, "सौ. हिस, वरून घर फार लहान दिसतं, पण तू ओळखू येतेस. तुला पाहिलं." विमान चालवताना काही लिहिता येत नाही. चिठ्ठी आदल्या दिवशीच लिहिलेली असणार.

ती चिठ्ठी मी चार दिवस खिशात ठेवली. का, ते सांगायला लाज वाटते. ती दाखवली असती तर माझी नक्कल संपली असती. पाचव्या दिवशी ती ताईच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. ती रागावली नाही. चिठ्ठी दोनदा वाचून एवढंच म्हणाली, "मला तिथे न्या."

ताईने साडूभाऊंनाही सगळं सांगून बरोबर घेतलं आणि आम्ही तिघे खडवलीला गेलो. साडूभाऊ पुढे यायला तयार होईनात. लांब एका आंब्याखाली पाठ करून बसून राहिले. शिपायाची बायको नदीवर कपडे आपटत होती. ताई तिच्याजवळ खडकावर बसली. मला वाटलं ती विमानाचं विचारेल, पण तिने विचारलं, "आतला माणूस दिसला का गं तुला?"

"दिसला ना," ती बाई हातातलं लुगडं तसंच धरून म्हणाली. "आगदी खाली आला व्हता. त्याचा तोंड दिसला मना. हासत व्हता. असा हात करत व्हता, जसा आमचाच कोन हाय."

ताईने तिला ते पुन्हा सांगायला लावलं. तिने पुन्हा सांगितलं. बारा वर्षं मी त्या माणसाच्या नकला केल्या, त्याची मान, त्याचे पाय, त्याचं बोलणं सगळं मला पाठ होतं. तसं हसताना मात्र मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं, आणि आता कुणालाच दिसणार नव्हतं. ताई डोळे पुसून उठली आणि आंब्याकडे चालत गेली. मी तिथेच खडकापाशी उभा राहिलो, कारण त्या दोघांच्या जवळ जायचं तोंड मला नव्हतं.