हारांशेजारी ठेवलेली लस

“आजच मारा आणि पुरा,” साहेब म्हणाले. मग तलावाकडे बोट दाखवलं. “आणि ती रानबदकं हाकला. फटाके लावा.”

अठ्ठ्याण्णवचा जानेवारी होता. धुळ्याजवळच्या एका गावी मी पशुवैद्यकीय अधिकारी होतो. साहेब जिल्ह्याचे पशुसंवर्धन अधिकारी. गावात आठवडाभर कोंबड्या मरत होत्या. माना पिळवटलेल्या, हिरवी हगवण. ही लक्षणं राणीखेतची, म्हणजे गावाच्या भाषेत मानमोडीची. पण तीन आठवड्यांपूर्वीच आम्ही शिबिर भरवून मानमोडीची लस टोचली होती. मग हे काय? त्याच सुमारास हाँगकाँगमध्ये कोंबड्यांचा फ्लू माणसांना झाल्याची बातमी पेपरात येऊन गेली होती. साहेबांनी दोन्हींची सांगड घातली.

शेवंताअक्का आपल्या बावीस कोंबड्यांसमोर उभ्या होत्या. नवऱ्यामागं त्यांचं घर याच कोंबड्यांवर चालायचं.

“डॉक्टर, तुम्हीच सुई टोची ना? मंग कोंबड्या कसाले मरी राहिन्यात? आते बठ्ठ्या बावीस मारशात का?” मग तलावाकडे पाहून म्हणाल्या, “अन् त्या बदकं तं दरसाल येतस. कश्या टुमटुमीत शेतस! त्या आजारी शेतस का?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. अक्कांची बाजू घ्यायची माझी फार इच्छा होती, पण शास्त्र आडवं आलं.

“अक्का, तीच तर अडचण आहे,” मी म्हणालो. “बदकाच्या आतड्यात फ्लूचा विषाणू असतो आणि बदकाला बहुतेक वेळा काही होत नाही. ते पाण्यात विष्ठा टाकतं, तेच पाणी कोंबडी पिते.”

साहेबांनी मान डोलावली. मी पुढचंही सांगितलं. या विषाणूचा जनुकांचा साठा आठ सुट्या तुकड्यांत असतो. एकाच प्राण्याच्या एकाच पेशीत दोन जातींचे विषाणू शिरले, तर पत्त्यांचे दोन कॅट एकत्र पिसावेत तसे ते तुकडे मिसळतात आणि तिसराच डाव तयार होतो. बहुतेक डाव कुचकामी असतात. एखादा कोंबडीला जुळतो. क्वचित एखादा माणसाला. साहेबांची भीती खुळी नव्हती. घाई खुळी होती.

“नमुने पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवू. उत्तर येईपर्यंत थांबू,” मी म्हणालो.

“लस टोचली आहे म्हणता ना? मग मानमोडी कशी असेल?”

याचं उत्तर तडवींकडे होतं. तडवी आमचे पट्टीबंधक, म्हणजे दवाखान्यात मलमपट्टी आणि टोचणी करणारे. ते मला गोठ्यामागे घेऊन गेले.

“डॉक्टर, रागावू नका. शिबिराच्या दिवशी थर्मासातल्या बर्फाचं पाणी झालं होतं.”

“थर्मास उघडला कुणी?”

“बाटल्या टेबलावर मांडल्या होत्या. हारांशेजारी. फोटोसाठी. उद्घाटनाचे पाहुणे तीन तास उशिरा आले.”

“मग मला सांगायचं नाही?”

“तुम्ही आभार मानत होता.”

ही लस जिवंत विषाणूची असते. बर्फाबाहेर, उन्हात ती मरते. आम्ही साऱ्या गावाला समारंभपूर्वक पाणी टोचलं होतं.

परत येऊन मी साहेबांना ते सांगितलं. शिबिरात पाहुण्यांच्या शेजारी साहेबही बसले होते. त्यांनी विचारलं,

“लेखी द्याल?”

“देतो.”

“तुमच्याच नावानं?”

“आभार मीच मानले होते.”

आठ दिवस मिळाले. अट मी घातली: जिवंत कोंबड्या डालग्याखाली, तलाव बंद, मेलेल्या चुन्यासकट खोल पुरायच्या, प्रत्येकानं हात धुवायचे. अहवालात फ्लू निघाला तर अक्का स्वतः कोंबड्या देतील. अक्कांनी होकारार्थी मान हलवली आणि त्या आत निघून गेल्या.

प्रयोगशाळेची रीत सोपी आहे. राणीखेत आणि फ्लू, दोन्हींचे विषाणू कोंबडीच्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटवतात. त्यात फक्त राणीखेतच्या विषाणूला अडवणारं सीरम, म्हणजे रक्तद्रव, घातलं आणि चिकटणं थांबलं, तर तो राणीखेत. सातव्या दिवशी फोन आला. थांबलं होतं.

अक्कांच्या चौदा कोंबड्या वाचल्या. मी सांगायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, “मंग बदकंसले कसाले बदनाम कयं?” मी म्हणालो, अजून त्यांना निर्दोष सोडलेलं नाही. तेव्हापासून त्यांनी कोंबड्यांसाठी अंगणात पाण्याची परात ठेवली. मी लेखी दिलेल्या अहवालातली तेवढी एकच शिफारस अमलात आली, आणि तीही अहवाल न वाचणाऱ्या बाईकडून.

मला मेमो मिळाला. त्याला मी तीन ओळींत उत्तर दिलं. फटाके कुणी लावले नाहीत.

पुढे निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक शिबिर दोनदा घेतलं. सकाळी सहाला लसीकरण, अकराला उद्घाटन. उद्घाटनाला टेबलावर रिकाम्या बाटल्या मांडायचो. फोटोत त्या भरलेल्याच दिसतात.