केळीवरचे रोग

पुस्तक वेळेवर परत आलं नाही तर जग बुडेल, असं मनापासून मानणारा माणूस आमच्या धुळ्यातल्या देवपूरच्या ग्रंथपालांखेरीज मी दुसरा पाहिलेला नाही. एकदा ते एका वाचकाच्या हळदीला गेले, पाटावरच्या नवरदेवाला कादंबरी कुठल्या फडताळात आहे ते विचारून घेतलं आणि ती काखोटीला मारून न जेवताच परतले. पुस्तकात कुणी पेन्सिलीची रेघ मारलेली दिसली की स्वतः खोडरबर घेऊन बसत. प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर, त्यावर टपोऱ्या अक्षरांत नाव.

खोटं नाव त्यांनी आयुष्यात एकाच पुस्तकावर घातलं. परदेशी गेलेल्या, देवावरचा विश्वास उडालेल्या आणि धड इथला ना तिथला राहिलेल्या एका तरुणाची ती कादंबरी. तिच्यावरून तेव्हा रान पेटलं होतं. ग्रंथपालांच्या स्वतःच्या मुलानं परदेशातून 'मी आता देव मानत नाही' असं कळवलं होतं. हे माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. मुलगा समजावा म्हणून ते ती कादंबरी पुनःपुन्हा वाचत. कव्हरवर लिहिलं होतं, 'केळीवरचे रोग'. केळी पिकतात तिकडे जळगावकडे, धुळ्यात ह्याला कोण हात लावतोय, असा त्यांचा भाबडा अंदाज.

नेमके जळगावजवळच्या नशिराबादचे त्यांचे दाजी, म्हणजे मोठ्या बहिणीचे यजमान, मुक्कामाला आले. घरची केळीची बाग, गळ्यात माळ, रोजचं भजन. जाताना पुस्तक घेऊन गेले. मग ग्रंथपालांनी मला रडवेल्या आवाजात सांगितलं की समासात पेन्सिलीनं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, 'आपलाही असंच म्हणतो.' आता बहिणीचं दार कायमचं बंद होणार, म्हणून ह्या गृहस्थांना घास गिळवेना.

आठवड्यानं दाजी वाचनालयात आले, ते रिकाम्या हातानं. ग्रंथपाल खुर्चीतून उठलेच नाहीत.

"केळीचं तं त्यात काहीच नाही," दाजी म्हणाले. मग स्टूल ओढून घेत, "त्या पोराले गावाची इतकी याद येते, मंग तो दूर गेला कुठं? आपल्या पोराले फोन लाव."

फोन लागला. दाजींनी देवाचा विषयच काढला नाही. तिकडे भरीत करतोस का, वांगी कशी मिळतात, हेच बराच वेळ चाललं. ग्रंथपाल चष्मा पुसत राहिले, आणि खरं सांगतो, मलाही फार हायसं वाटलं.

ह्याला वर्ष होत आलं. आता ती कादंबरी नशिराबादला त्यांची ताई वाचतेय म्हणे. ग्रंथपाल एकदाही मागायला गेलेले नाहीत. परवा मीच आठवण केली, तर खोडरबर चाळवत म्हणाले, "राहू द्या. घरातच आहे ते."